सायकल स्टँडवर शेड नाही

तसं नाही ताई, बरोबरच वाचलं तुमी — असमाधानीच लिहिलं आहे. छापनाऱ्याची चूक नाही. ते तिकडे मांडवात पोहे खाऊन राहिले ना सारे, त्यायच्या छातीवर पाहा — गुलाबी बिल्ले. समाधानी पालक. अन् माहा हा निळा. साऱ्या कॉलेजात निळा एकच. बसा ना, उभ्या कायले राहता, बेंच मोकळाच आहे — कॉलेजले ग्रेड द्यायले आलेले समितीवाले आतमधी माजी विद्यार्थ्यायसंग बोलून राहिले, मंग या गुलाबीवाल्यायले बोलावतीन, अन् साऱ्यात शेवटी मले. शेवटी काहून? तं कुलदीप सर म्हनतात का मान्साच्या ध्यानात शेवटचंच राहते. ते पाहा, दारात उभे आहेत ना, घामानं ओलेचिंब — ते कुलदीप सर. या कॉलेजच्या गुणवत्तेचं सारं त्यायच्याकडेच आहे. तो ब्लेझर मीच शिवला. एप्रिल महिन्यात अकोल्यात ब्लेझर — पन समिती येते म्हनल्यावर घाला लागते. मी देवमन, जठारपेठेत शिलाईचं दुकान आहे माहं. शाळेचे ड्रेस, सफारी, अन् आता हे ब्लेझर.

अचलपूरहून आल्या म्हनता? बसनं? अकोटावरून — बाप्पा, मंग तं सकाळच्या निघाल्या असान. अन् बिल्ला नाही तुमच्याजोळ. म्हनजे बोलावलं नाही तुमाले, स्वतःच्या मनानं आल्या. हं. पोरगी इथंच आहे? काय नाव म्हनलं — हर्षा. बीएस्सी, दुसरं वर्ष, होस्टेलवर. अन् समितीले काही सांगायचं आहे तुमाले. म्हनजे तक्रार. थांबा, थांबा, इतक्या जोरात नका सांगू, कुलदीप सर ऐकतीन — मले सांगा. मी आहेच ना, मले त्यासाठीच ठेवलं आहे. सांगा हळू... हं... हं... दोन वर्षं होत आली, एक बी प्रॅक्टिकल नाही... केमिस्ट्रीच्या लॅबचं दार उघडंच पाहिलं नाही तिनं... हं. अन् पोरगी फोनवर रडते.

ताई, वाईट नका वाटून घेऊ. तुमची तक्रार खरी आहे. पन तिचं माप चुकलं. लय मोठी झाली. अशी तक्रार घेऊन तुमी त्या दारातून आत जाऊच शकत नाही — अडकन मधातच. मी शिलाईवाला आहे, मी सांगतो, तक्रार अंगाबरोबर पायजे. ढगळ नाही, तंग नाही. समितीनं ऐकली पायजे, वहीत लिहिली पायजे, मान हलवली पायजे, अन् कॉलेजनं म्हनलं पायजे का हो साहेब, हे आमी करूनच राहिलो आहो. इतकीच. आता तुमची ही लॅबची तक्रार — ही ऐकल्यावर समिती काय करन? मान नाही हलवनार. उठून उभी राहीन. अन् समिती उठली का ग्रेड बसली. अन् ग्रेड बसली का अनुदान गेलं, अनुदान गेलं का लॅब कुठून उघडन? म्हनजे लॅब उघडाची असन तं लॅबची तक्रार कराची नाही. हे मले कुलदीप सरायनंच समजावून सांगतलं होतं, तवा मले बी पटलं नव्हतं. आता पटते. म्हनजे — पटलंच आहे.

हे निळ्या बिल्ल्याचं काय आहे, तुमाले सांगतो. लय आधी पहिली समिती आली होती, तवा साऱ्या पालकायले फॉर्म वाटले. का समाधानी आहात का. सारेच समाधानी. शंभरातले शंभर. कुलदीप सर तवा नवे होते, त्यायनं मोठ्ठा फलक लावला, पालकांचे समाधान शंभर टक्के. अध्यक्ष होते एक म्हातारे, परराज्यातले, त्यायनं चष्मा काढला अन् म्हनले का प्रोफेसर साहेब, मेरे घर में हम दो लोग रहते हैं, वहां भी सौ टक्का नहीं है. अन् काटले मार्क. तवापासून कुलदीप सरायनं हिशेब बसवला का गुणवत्तेले थोडंसं असमाधान लागतेच. दाळीत हिंग असते तसं. पन देनार कोन? पालक म्हनतात, पोट्टं याच कॉलेजात आहे, इंटरनलचे मार्क यायच्याच हातात, आमी कायले तोंड उघडू. साऱ्यायले इचारलं, हात जोडले, एक बी मानूस असमाधानी व्हायले तयार होईना. अन् तितक्यात मी गेलो. स्वतःच्या पायानं. तुमच्यासारखाच.

तुमच्यासारखाच म्हनजे — तेच ना. माही पोरगी, भावना, तवा इथंच बीएस्सीले, दुसऱ्याच वर्षाले होती. मी दुकान बंद करून आलो का माह्या पोरीनं अजून टेस्ट ट्यूब हातात धरली नाही. आलो तं मले वाटलं आता भांडन होते. अन् कुलदीप सर उठून उभे राहिले, मले खुर्ची देल्ली, चहा मांगवला. म्हनले देवमनभाऊ, कुठं होते तुमी इतके दिवस? मी म्हनलं, दुकानात. ते म्हनले आमाले तुमच्यासारखाच मानूस पायजे होता, फक्त ही तक्रार उलशीक लहान करू. दोघं बसलो. पहिले म्हनले, प्रॅक्टिकल होत नाही असं नका म्हनू, म्हना का प्रॅक्टिकलले वेळ कमी पडते. मी म्हनलं ठीक आहे. मंग त्यायले वाटलं का वेळ हे बी मोठंच होते, तं म्हना का लॅबची टेबलं उंच आहेत. बरं, टेबलं उंच. पन टेबलं पाहायले समिती लॅबमधी गेली तं? तं मंग लॅबच्या बाहेरची काही पायजे — लॅबच्या बाहेर चपला ठेवायले रॅक नाही. हे बरं होतं, मले बी आवडलं होतं. पन सर म्हनले चपला म्हनलं का दार आलं, अन् दार म्हनलं का कुलूप आलं. तवा आखीन बाहेर, आखीन बाहेर, असं करत करत चहा सरला तवा आमी गेटजोळ पोचलो होतो. सायकल स्टँडवर शेड नाही. सर म्हनले बसलं. मी म्हनलं हो, बसलं. शिवता शिवता कापड एकदम अंगावर बसते ना, तसं वाटलं मले त्या घटकेले, खोटं कायले सांगू.

अन् काय सांगू तुमाले, समिती खूश. मी म्हनलं, साहब, बच्चियों की सायकलें धूप में तपती हैं, बैठते नहीं आता. तं त्यातल्या एक बाई होत्या, प्राध्यापकच, त्यायच्या डोळ्यात पानी आलं. सारं लिहून घेतलं. कॉलेजनं तिथंच म्हनलं का टेंडर निघालंच आहे. ग्रेड वाढली. शेड झाला, निळ्या पत्र्याचा, उद्घाटन झालं, फीत माह्याच हातानं कापली — कात्री बी माहीच, दुकानातली. आता तुमी म्हनसान का मी बस स्टँडवरून गेटनंच आली, तिथं तं शेड दिसला नाही. नाही दिसनार. काढला ना. ही समिती यायची होती म्हनून मागच्या महिन्यात काढला. नाही तं मी आज कायले असमाधानी राहू? पत्रे मागं ठेवले आहेत रचून, समिती गेली का वापस लागतीन. अन् भावना पास होऊन गेली तरी मी अजून पालकच आहे, हे बी पाहा. माजी विद्यार्थी असते, माजी पालक असं काई नसते.

नाव झालं हो माहं मंग. अमरावतीकडच्या कॉलेजायतून बी बोलावनं येते आता. एका ठिकानी गेलो तं तिथं कोनाजोळ सायकलच नाही, सारे पोट्टे मोटरसायकलवाले. मी म्हनलं, सर, मले तं एवढीच तक्रार येते. तं त्यायनं गावातून सायकली आनल्या, झाडाखाली उभ्या केल्या, अन् मी म्हनलं का इथं झाडाची सावली आहे, इथं माही तक्रार लागू होत नाही. मंग सायकली उन्हात सरकवल्या. असं बारीक पाहा लागते. मान देतात लोक. माह्या दुकानात बायका म्हनतात का ब्लाऊज खांद्यात उतरून राहिला, ते ऐकून घ्या लागते मले, अन् इथं मी बोलतो तं तीन-तीन डॉक्टर लोक लिहून घेतात.

नाही, हसू नका, गुणवत्ता मोजनं सोपं काम नाही. कुलदीप सर जीव तोडून करतात. गुणवत्ता म्हनजे काय, हे ठरवाले यायनं दिवसभर सारे प्राध्यापक बसवले होते. मी ब्लेझरचे माप घ्यायले आलो होतो, तवा ऐकलं सारं. कोनी म्हने इमारत, कोनी म्हने निकाल, एक म्हातारे सर म्हने शिकवनं — त्यायले म्हनले का शिकवनं मोजता नाही येत, मोजता येईन असं सांगा. संध्याकाळी ठरलं का गुणवत्ता म्हनजे गुणवत्तेत होत जानारी वाढ. टाळ्या झाल्या. अन् मंग ते मशीन आनलं — ते पाहिलं का, दाराजोळ खांबावर, तीन बटनायचं? हिरवं हसते, पिवळं गप, लाल रडते. पोट्ट्यायनं जाता-येता दाबाचं, का आज शिकवनं कसं झालं. तं लाल बटन दाबलं का ते टें करून रडत होतं, पोट्ट्यायले ते लय आवडलं. साऱ्यायनं लालच दाबलं. जुलैभर कॉलेजची गुणवत्ता लाल. मंग कुलदीप सरायनं तास बंद ठेवून साऱ्यायची लाईन लावली, हिरवं दाबा, हिरवं दाबा — तं हिरवं दाबून दाबून खचलं, आतमधीच गेलं. आता एक लालच चालते. म्हनून सरायनं ठरवलं का लाल म्हनजेच हिरवं धराचं. पान्याच्या टाकीचा वॉल उलटा बसला असन तं आपन उलटाच फिरवतो ना? तसं.

लॅब? हो, आज उघडी आहे. पाहून या ना, दारात रांगोळी आहे. चाबीच सापडली नव्हती, कुलूप कापा लागलं. अन् उघडली तं आतमधी मागच्या समितीच्या स्वागताचे फुगे होते, भिंतीवर चिपकून बसलेले, वाळलेले. मी तिथंच होतो, पडद्याचं माप घेऊन राहिलो होतो. शिपायानं खरवडून काढले. मागच्या खेपेले फुगे भावनानंच लावले होते, तिनं अन् तिच्या मैत्रिनीनं. लॅब तिनं तवा एकच दिवस पाहिली. पांढरा एप्रन मी शिवून देल्ला होता, माह्या हातचं साऱ्यात साफ काम असन ते. समिती आली तवा हिच्या हातात टेस्ट ट्यूब देल्ली, लाल रंगाची — ते सरबत होतं, गुलाबाचं. ही मले घरी येऊन म्हने, बाबा, समिती गेल्यावर मी ते पिऊन घेतलं. हसलो आमी सारे. मैना, माही घरवाली, ते बी हसली. तोच फोटो आहे गेटवर. पाहिला असान तुमी, मोठ्ठा फ्लेक्स — एप्रनमधली पोरगी, नळी वर धरून पाहून राहिली, खाली लिहिलं आहे प्रयोगशीलतेची परंपरा. तेच भावना.

चांगली आहे ना, चांगली आहे. फर्स्ट क्लास आला तिले. नोकरी बी लागली होती, एमआयडीसीत, तेलाच्या कारखान्यात, त्यायची लॅब आहे तिथं. नवा ड्रेस शिवला मी. पहिल्या दिवशी तिथल्या मॅडमनं एक काचेची लांब नळी देल्ली हातात, खाली तोटी असते तिले — म्हने टायट्रेशन कर. तेलातला आंबटपना मोजतात तसा. हिले सारं पाठ होतं, नळीचं नाव, आकृती, सारं. पन कोन्या हातानं तोटी फिरवाची अन् कोन्या हातानं बाटली हलवाची, ते काय पाठ करून येते? उभी राहिली नळी धरून. मॅडम चांगल्या होत्या, रागावल्या नाही. म्हने, कोनत्या कॉलेजची आहेस? हिनं सांगतलं. तं त्या म्हने, अरे, त्यायची ग्रेड तं चांगली आहे.

दुपारीच घरी आली. दुसऱ्या दिवशी गेलीच नाही. आता दुकानात बसते माह्याजोळ, काज-बटन करते. हात चांगला आहे तिचा, काज असं करते का उलटं-सुलटं सारखंच. पन इकडून जात नाही. जठारपेठेतून बस स्टँडले जायचं असलं तरी फिरून जाते, तो फ्लेक्स लागते ना मधात. मले लय लागते हो ते. पोरगी स्वतःच्याच फोटोले भिऊन राहिली, अन् मी इथं...

काय म्हनलं? सांगतलं काहून नाही? सांगनारच होतो. मैनानं आज निघताना डबा नाही देल्ला, हात धरला. म्हने आज खरं सांगा, आज लोक बाहेरचे आहेत, आज नाही सांगतलं तं कवा सांगसान. मी म्हनलं, सांगतो. दुकानात ट्रायल घ्यायच्या आरशासामोर उभा राहून सराव केला. साहब, मेरी बेटी — इतकं म्हनलं, अन् पुढं आपोआप निघालं, की सायकल धूप में तपती है. वापस सुरू केलं. साहब, लॅब — लॅब के सामने सायकल स्टँड है, उसपर शेड नहीं है. मागं भावना बसली होती काज करत. मान वर नाही केली तिनं. ताई, मी पाच वर्षं तेच बोलून राहिलो. माह्या तोंडाची घडीच तशी पडली आहे, इस्त्री मारून बी नाही जाऊन राहिली. परवा डॉक्टरनं इचारलं, देवमनभाऊ, झोप काहून येत नाही तुमाले — तं मी म्हनलं, शेड नाही.

म्हनून म्हनतो, तुमची तक्रार — मघाशी मी लहान करा म्हनलं ना, ते नका ऐकू. हर्षाचं अजून सारं तिसरं वर्ष बाकी आहे. भावनाचं गेलं. नाही, रडू नका, आत रडलं का ते पान्याचा ग्लास देतात अन् गोष्ट तिथंच सरते. कुलदीप सर पाहून राहिले का इकडे? नाही, फोनवर आहेत. गुलाबीवाले आत गेले वाट्टे — हो, हे बाहेर आले बी. कितीक वेळ लागते समाधानाले. आता माहा नंबर. इकडे या जरा, अशा सरळ उभ्या राहा. पिन माह्याजोळ असतेच... टोचत नाही, चाळीस वर्षं झाली, कोनाले टोचली नाही. झालं. निळा रंग तुमच्या लुगड्यावर शोभते बी. नाव नाही लिहिलं त्यावर, फक्त असमाधानी लिहिलं आहे, तं कोन आत गेलं हे कोन पाहते. हिंदी येते ना? अचलपूरचे लोक म्हनजे येतेच.

ऐका, आवाज आला — असमाधानी पालक, या. उठा. सरायले मी पाहतो, त्यायच्या ब्लेझरचं वरचं बटन मी ढिलंच ठेवलं आहे, दोन मिनिटं सुई-दोऱ्यात अडकवतो. तुमी फक्त लॅब म्हना. पहिला शब्दच लॅब. नमस्कार बी मंग. अन् ताई — चपला बाहेर नका काढू, घालूनच जा आत. काढल्या का मंग तोंडी रॅक येते.

जा.